गोचिडातील सूक्ष्मजंतू

गोचिडाचे आतडे, लाला ग्रंथी, अंडाशय व उत्सर्जक नलिका यांत राहणारा सूक्ष्मजंतूंचा समुदाय. यांतील काही गोचिडाला उपकारक, काही उदासीन, तर थोडे जनावरांत व मनुष्यात रोग उत्पन्न करणारे असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये रॉकी पर्वतातील ठिपक्यांचा ज्वर गोचिडामार्फत पसरतो, हे प्रयोगाने दाखविले. त्यांच्या नावावरूनच या ज्वराच्या सूक्ष्मजंतूंना रिकेट्सिया हे नाव मिळाले.

उपकारक सूक्ष्मजंतू : गोचीड आयुष्यभर केवळ रक्तावर जगतो. रक्तात प्रथिने विपुल असली, तरी ब गटातील काही जीवनसत्त्वे अपुरी असतात. ही उणीव कॉक्सिएला व फ्रान्सिसेला यांसारखे सहजीवी सूक्ष्मजंतू भरून काढतात. ते अंड्यांतून मादीकडून संततीकडे जातात. गुरांवरील गोचिडांना प्रतिजैविक देऊन कॉक्सिएलासदृश सहजीवी कमी केले असता त्यांची वाढ प्रौढावस्थेपूर्वीच खुंटते, असे प्रयोगांत आढळले आहे.

रोगकारक सूक्ष्मजंतू : ठाणे व कल्याण-डोंबिवली या नागरी पट्ट्यात सर्वांत परिचित गोचीड म्हणजे कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) होय. त्याच्या डिंभ (अंड्यातून निघालेली सहा पायांची पहिली अवस्था), कुमार व प्रौढ या तिन्ही अवस्था रक्त पिऊन कुत्र्यावरून गळून पडतात. डिंभ व कुमार भिंतींच्या फटींत कात टाकतात, तर मादी तेथेच अंडी घालते. त्यामुळे जंगल नसलेल्या इमारतींतही त्याची पैदास होते. तो कुत्र्यांत एर्लिकिया कॅनिस हा सूक्ष्मजंतू पसरवितो. त्यामुळे ज्वर, अशक्तता व रक्तस्राव होतो. हा सूक्ष्मजंतू गोचिडाच्या एका अवस्थेतून पुढील अवस्थेत जातो. परंतु अंड्यांतून जात नाही. म्हणून प्रत्येक नव्या पिढीला तो आजारी कुत्र्याच्या रक्तातूनच मिळवावा लागतो. गुरांवरील गोचीड ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल हा तांबड्या कोशिकांत राहणारा सूक्ष्मजंतू पसरवितात. त्यामुळे जनावरांना पांडुरोग होऊन दूध घटते.

मनुष्यात भारतीय गोचीडजन्य प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) हा रोग रिकेट्सिया कोनोरी या सूक्ष्मजंतूमुळे होतो. तीव्र ज्वर, डोकेदुखी व तळहात-तळपायांवरही उमटणारे पुरळ ही त्याची लक्षणे होत. चाव्याच्या जागी काळी खपली दिसतेच असे नाही. त्यामुळे हा आजार गोवर किंवा डेंग्यू समजला जाण्याचा संभव असतो. डॉक्सिसायक्लीन वेळेवर दिल्यास तो बरा होतो. विलंब झाल्यास प्राणघातक ठरू शकतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये आढळलेला क्यासनूर अरण्य रोगही गोचीडजन्य आहे. तथापि तो विषाणूमुळे होतो व त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी असतात.

परस्परसंबंध व निदान : सहजीवी व रोगकारक सूक्ष्मजंतू एकमेकांवर परिणाम करतात. अमेरिकेतील माँटॅना राज्याच्या बिटररूट खोऱ्यात ज्या गोचिडांत रिकेट्सिया पीकॉकी हा निरुपद्रवी सूक्ष्मजंतू असतो, त्यांच्या अंड्यांतून रोगकारक रिकेट्सिया पुढील पिढीत सहसा जाऊ शकत नाही.

गोचिडात एखाद्या वंशाच्या सूक्ष्मजंतूचे जनुकद्रव्य सापडणे म्हणजे रोगाचा पुरावा नव्हे. क्यू ज्वराचा कारक कॉक्सिएला बर्नेटी हा असून गोचिडातील कॉक्सिएलासदृश सहजीवी त्याचे नातलग होत. जाती काटेकोरपणे ओळखली नाही, तर निदान चुकते. उलटपक्षी, ज्वराच्या रुग्णाने घरातील कुत्र्याचा किंवा गोचीड चावल्याचा उल्लेख न केल्यास खरा रोग नजरेआड होतो.

प्रतिबंध : कुत्र्यांवर व गुरांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने गोचीडनाशक वापरावे, निवाऱ्याच्या फटी बुजवाव्यात. चिकटलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा. तो बोटांनी चिरडल्यास त्यातील सूक्ष्मजंतू जखमेत शिरू शकतात.