मानीव अभिहस्तांतरण
सदनिकांची इमारत व तिच्याखालील जमीन यांचे हस्तांतरणपत्र प्रवर्तकाने (विकासकाने) करून न दिल्यास, सक्षम प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे ते सदनिकाधारकांच्या संस्थेच्या नावे एकतर्फी नोंदविण्याची महाराष्ट्रातील वैधानिक पद्धती.

सदनिका खरेदी करणाऱ्यास नोंदणीकृत करारनाम्याने सदनिकेवर हक्क मिळतो. जमिनीची मालकी मात्र त्याने बदलत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत ती संस्थेच्या नावे स्वतंत्रपणे हस्तांतरित व्हावी लागते. सभासदाकडे भागपत्र असते, ताबाही असतो. त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे जाणवत नाही. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाचा विचार सुरू झाला किंवा भूखंडावर वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक मिळू लागला, म्हणजे तो लाभ कोणाचा, हा वाद उद्भवतो. इमारत कोसळल्यास तर केवळ जमीनच शिल्लक राहते आणि तिच्या अभिलेखात रहिवाशांच्या संस्थेचे नाव नसते.

महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ याच्या कलम ११ अन्वये अभिहस्तांतरण करून देणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे. करारात मुदत ठरलेली नसल्यास, संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत ते करावे, असे १९६४ च्या नियमांत नमूद केले आहे. भूखंडावरील उर्वरित बांधकामाचा हक्क हाती ठेवण्यासाठी अनेक प्रवर्तकांनी ते लांबविले. काही ठिकाणी मूळ जमीनमालक मृत्यू पावल्याने व वारसांत तंटे झाल्याने अडचण वाढली. दिवाणी दावा हा दीर्घकालीन उपाय असल्याने २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली.

यासाठी संस्थेला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा लागतो. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे, सभासदांची यादी, सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे इ. कागदपत्रे सामान्यतः लागतात. प्रवर्तकास बाजू मांडण्याची संधी देऊन व चौकशी करून, प्रकरण योग्य वाटल्यास प्राधिकारी सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र देतो. त्यानंतर दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. सभासदांनी करारनाम्यांवर पूर्वी भरलेले मुद्रांक शुल्क हिशेबात धरले जाते. जुने करारनामे पुरेशा मुद्रांकाचे नसल्यास मात्र फरक व दंड भरावा लागतो.

एकाच भूखंडावर अनेक इमारती असल्यास प्रत्येक संस्थेच्या वाट्याची जमीन, सामाईक रस्ते व मोकळी जागा यांची निश्चिती करणे कठीण असते. जमीन भाडेपट्ट्याची असेल, तर संस्थेस मालकी न मिळता भाडेपट्ट्याचे उर्वरित हक्कच मिळतात. कारण प्रवर्तकाच्या स्वतःच्या हक्काहून अधिक काही हस्तांतरित होऊ शकत नाही. तसेच हे प्रमाणपत्र म्हणजे मालकीच्या वादाचा अंतिम निर्णय नव्हे. तो दिवाणी न्यायालयातच होतो.

दस्त नोंदविल्यावर फेरफार करवून मालमत्ता पत्रकावर किंवा सात-बारा उताऱ्यावर संस्थेचे नाव लावून घेणे आवश्यक असते. हा टप्पा दुर्लक्षित राहिल्यास अभिलेखात जुने नाव कायम राहते व पुढील व्यवहारांत अडथळे येतात.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १७ नुसार, स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास, भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत अभिहस्तांतरण करणे प्रवर्तकास बंधनकारक आहे. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतींत पद्धती वेगळी असून तेथे प्रत्येक धारकास सदनिकेसह जमिनीतील अविभक्त हिस्सा मिळतो.

जुन्या इमारतीतील सदनिका घेताना तिचे क्षेत्रफळ, दर व करारनामा यांची चौकशी सहसा केली जाते. तथापि जमीन कोणाच्या नावे आहे, ही बाबही तितकीच महत्त्वाची ठरते; कारण बांधकामाचे मूल्य काळानुसार घटते आणि सदनिकेचे टिकाऊ मूल्य मुख्यतः तिच्याखालील जमिनीच्या हक्कावर अवलंबून असते.