एका दंतचक्राचा शोध

२०२४ च्या उन्हाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी विकाऊ असल्याचे कळले, म्हणून मी साताऱ्याला जाऊन ती पाहिली. पत्रा बरा होता, इंजिनही लगेच सुरू झाले. पण पहिल्या गिअरमध्ये गाडी हलताच पायाखालून ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला. दुसरा गिअर टाकताच तो थांबला. सरांनी काही लपवले नाही. ते म्हणाले, “गिअरबॉक्समध्ये कुठला तरी दाता तुटलाय. पार्ट मिळत नाही, म्हणून तर विकतोय. तुम्ही नेली नाहीत तर सोमवारी भंगारवाला नेणार.”

पार्ट न मिळण्याचे कारण उघड आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटच्या परवान्याने ही गाडी बनू लागली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळाले. २००१ नंतर मात्र एकही नवी पद्मिनी बनली नाही. तरीही मुंबईच्या टॅक्सींमुळे सुट्या भागांचा बाजार जिवंत होता. वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली आणि त्या बाजाराचे मुख्य गिऱ्हाईक संपले.

गाडी घ्यावी की नाही, हे कोणता दाता तुटला आहे यावर अवलंबून होते. गिअरबॉक्स न उघडता ते कसे ओळखायचे?

आवाज मोजून मिळालेले उत्तर

गिअरबॉक्समध्ये मुख्यतः दोन समांतर दांडे असतात. इंजिनाची गती आधी काउंटर शाफ्टला मिळते आणि तेथून दंतचक्रांच्या एखाद्या जोडीमार्फत मेन शाफ्टला. प्रत्येक गिअरची जोडी वेगळी. आवाज फक्त पहिल्या गिअरमध्ये येत होता, म्हणजे दोष पहिल्या जोडीत होता. पण जोडीतल्या कोणत्या चक्रात?

पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. त्याचे मोठे चक्र सरळ दात्यांचे असून मेन शाफ्टवर सरकते. ते सुटे काढता येते. काउंटर शाफ्टवर मात्र अशा जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सगळी चक्रे एकाच तुकड्यात असतात. तो तुकडा खराब असेल तर खर्च हाताबाहेर जाणार होता.

येथे शाळेतले गणित उपयोगी पडले. चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर आहे. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे पाऊण फेरे. मागच्या आसावरील दंतचक्रांमुळे मेन शाफ्ट चाकाच्या चौपटीहून थोडा जास्त फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन फेरे. काउंटर शाफ्ट त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरतो. तुटलेला दाता प्रत्येक फेऱ्यात एकदाच आवाज करणार. तेव्हा सेकंदाला तीन ‘टक्’ असतील तर दोष सुट्या चक्रात, सहा-सातच्या पुढे असतील तर काउंटर शाफ्टमध्ये!

शेजारच्या मैदानात मंद गतीने गाडी चालवून मोबाइलवर आवाज मुद्रित केला. दहा सेकंदांत ३१ ‘टक्’ मोजले. मी गाडी घेतली.

फसलेला पहिला प्रयत्न

पुण्यात आमच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. तळाच्या तेलात पोलादाची चमचमती कीस होती आणि मोठ्या चक्राचा एक दाता मुळापासून गेला होता. इतर दात्यांची टोकेही झिजली होती. गाडी पुरती थांबण्याआधीच पहिला गिअर टाकला की वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांच्या कडांवर आपटतात. सिंक्रोमेश असलेल्या गिअरमध्ये पितळी कडे आधी घर्षणाने दोन्ही गती सारख्या करते, मग दाते जुळतात. पहिल्या गिअरला ही सोय नाही.

कुर्ल्याचा भंगार बाजार आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालूनही चक्र मिळाले नाही. मग जुन्या चक्राचे माप देऊन एका वर्कशॉपमधून नवे करून घेतले. दिसायला ते हुबेहूब होते. गाडी चालू लागली आणि मी मिस्त्रींना पेढे दिले. जेमतेम चारशे किलोमीटरनंतर पहिला गिअर आपोआप सुटू लागला. पुन्हा उघडून पाहिले, तर नव्या दात्यांच्या कडा मेणासारख्या चेपल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, “साहेब, कानस लावून बघा.” जुन्या चक्रावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. नव्यावर ती सहज चावली.

चूक माझीच होती. मी आकार दिला होता, धातूबद्दल काहीच सांगितले नव्हते. पदार्थविज्ञानात आयुष्य घालवणाऱ्या माणसाने हे विसरावे याची लाज वाटली.

दात्याच्या आत काय असते

तुटलेले चक्र आता प्रयोगशाळेत नेले. एक दाता आडवा कापला, घासून गुळगुळीत केला आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लाने पुसला. दात्याच्या कडेने सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा गडद पट्टा उमटला, आतला भाग फिका राहिला. वर कठीण साल आणि आत चिवट गर, असा हा दाता होता.

असे का करतात? संपूर्ण दाता कठीण केला तर तो झिजणार नाही, पण धक्क्याने काचेसारखा तुटेल. संपूर्ण मऊ ठेवला तर तुटणार नाही, पण चेपेल. म्हणून कमी कार्बनचे, निकेल-क्रोमियमसारखी मूलद्रव्ये असलेले पोलाद घेऊन चक्र कापतात आणि सुमारे ९२० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात काही तास ठेवतात. कार्बनचे अणू पृष्ठभागातून आत झिरपतात. मग चक्र तेलात झटकन थंड केले की कार्बन मिळालेली साल कठीण होते. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हाही झटकन थंड करण्याचे हेच तत्त्व वापरतो. कार्बन किती खोल जातो हे काळाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. दुप्पट जाड साल हवी असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो.

आकारही दिसतो तितका सोपा नाही. दात्याची बाजू ‘इन्व्होल्यूट’ नावाच्या वक्राची असते. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात हा वक्र दात्यांसाठी सुचवला. त्यामुळे एक चक्र समान गतीने फिरले की दुसरेही समान गतीने फिरते. दात्यांचे आकारमान ‘मोड्यूल’ने सांगतात. प्रमाणित सरळ दात्यांच्या चक्रात बाहेरच्या व्यासाला दात्यांच्या संख्येपेक्षा दोनने मोठ्या संख्येने भागायचे. ३० दाते आणि ८० मिलिमीटर व्यास असेल तर मोड्यूल २.५. झिजलेल्या चक्राचा व्यास कमी भरतो, म्हणून मोजलेला आकडा जसाच्या तसा न घेता जवळचे प्रमाणित मोड्यूल शोधावे लागते.

या सगळ्या गोष्टी लिहून दिल्यावर दुसरे चक्र तयार झाले. दिवाळीत गाडी घेऊन साताऱ्याला गेलो. सर पुढच्या सीटवर बसले. पहिला गिअर टाकून गाडी हलली तेव्हा त्यांनी कान देऊन ऐकले आणि विचारले, “आवाज गेलाय, की माझे कान गेलेत?”

वर्गात करून पाहा

१. सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मुलांना मोजू द्या. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे किती फेरे होतील? खडूची खूण करून ताळा पाहा.

२. डब्याच्या गोल झाकणाभोवती दोरा गुंडाळा. मोकळ्या टोकाला पेन्सिल बांधून दोरा ताणलेला ठेवत उलगडा. कागदावर उमटणारा वक्र म्हणजेच इन्व्होल्यूट.

३. एक साधा खिळा आणि एक तुटलेले हॅकसॉ पाते यांवर कानस फिरवून पाहा. दोन्ही पोलादच आहेत. मग फरक का पडतो, हे मुलांनाच सांगू द्या.

आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आता भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. दात्यांची संख्या, मोड्यूल, पोलादाची जात, सालीची जाडी आणि ती देण्याची रीत त्यावर लिहिली आहे. कारखाना बंद पडला की लोखंड उरते, पण ते कसे घडवले याची माहिती हरवते. पुढच्या पद्मिनीवाल्याला ती शून्यापासून शोधावी लागू नये, एवढ्यासाठी तो कागद.