तंबोऱ्याची खुंटी का घसरते?

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटसारख्या गावी उन्हाळा कोरडा, तर पावसाळा दमट. याचा परिणाम तंबोऱ्याच्या खुंट्यांवर होतो. खुंटी लाकडी, निमुळती; छिद्रात ती केवळ घर्षणाने टिकते. कोरड्या हवेत लाकूड आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे गोल छिद्र किंचित लंबगोल होते, पकड सुटते, स्वर उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते.

खुंटी घसरत असेल तर तार सैल करा, खुंटी काढून पुसा, कोरडा खडू चोळा आणि आत दाबत फिरवा. तेल लावू नका, डिंक तर नकोच. खुंटीवर एकाच बाजूला चकाकी दिसली, तर ती नीट बसत नाही असे समजा. छिद्र कोरून नवी खुंटी बसवणे कारागिराचे काम. मिरजेत ते पिढीजात चालते. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खुंटी सैल होण्याची अडचण पियानोतही येते. त्यात दोनशेहून अधिक पोलादी खुंट्या लाकडी ठोकळ्यात रुतलेल्या असतात. तिथे खडू चालत नाही; सैल खुंटीच्या जागी अधिक जाड खुंटी ठोकतात किंवा छिद्रात पातळ गोंद मुरवतात.

वाद्य थेट उन्हापासून, कूलरच्या झोतापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा.