हंगामातली शेवटची लांब राइड जोडीनंच करा

मार्चच्या उन्हानं देश तापायला लागण्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी पुणे ते महाबळेश्वर अशी मोठी सायकल राइड करायची असेल, तर मित्राला सोबत घ्याच. सोबत म्हणजे फक्त गप्पा नव्हेत, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. सपाटीवर ताशी २५ किमीच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग दुप्पट केला तर हवेवर मात करायला जवळपास आठपट ताकद लागते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलं, तर मागच्याची साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आळीपाळीनं पुढे राहिलं की वाईपर्यंत दोघांचेही पाय ताजे राहतात.

काहींना ही लबाडी वाटते. पण २०० किमीची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, १३ तास ३० मिनिटांत एकमेकांच्या आडोशानं पूर्ण करायला पूर्ण मुभा असते. बंदी असते ती कंट्रोल (वाटेतली तपासणीची ठिकाणं) वगळता इतरत्र बाहेरची मदत घ्यायला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोघांचा वेग सारखा नसतो. खरं आहे, आणि पसरणीच्या घाटात ते जाणवतंच. तिथे वेग कमी, लढाई गुरुत्वाकर्षणाशी, त्यामुळे आडोशाचा उपयोग नगण्य. म्हणून घाट ज्यानं त्यानं आपापल्या दमानं चढावा, पाचगणीत भेटावं. उतारावर मात्र चाकाला चाक अजिबात लावू नका. आणि महामार्गावर कायम एकामागे एकच. खड्डा दिसला की पुढच्यानं हात करायलाच हवा, कारण मागच्याला रस्ता दिसत नसतो.