पेट्रोल कोण पितंय?
छोटी विमानं, मोठी दुखणी : भाग 6

2025 च्या मार्चमध्ये जशपूरजवळच्या आगडीह धावपट्टीवर एनसीसीच्या छात्रांनी उड्डाणाचे धडे घेतले. तुकडी रायपूरची, 3 सीजी एअर स्क्वाड्रन. विमान दोन आसनी, व्हायरस एसडब्ल्यू 80. त्याच्या नाकातलं 80 अश्वशक्तीचं रोटॅक्स 912 इंजिन पाऊण ताकदीवर तासाला साधारण 16 लिटर पेट्रोल घेतं. समजा, अशा एखाद्या इंजिनाचा आकडा एके दिवशी 19 वर गेला. लगेच पाना हातात घ्यायचा का?

आधी वही काढायची. तो तास कसा उडवला गेला? पूर्ण ताकदीवर हेच इंजिन 24 लिटर पितं, त्यामुळे नुसत्या उड्डाण-उतरणीच्या फेऱ्या मारल्या तर सरासरी चढणारच. त्यातून रायपूरचा मे महिना! माना विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 317 मीटरवर, पण पारा 45 अंशांवर गेला की तिथली हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. चढायला वेळ लागतो आणि तो सगळा वेळ थ्रॉटल पुढे रेटलेला असतो. पेट्रोलही फुगतं: पहाटे 25 अंशांना भरलेलं 100 लिटर दुपारी 102 च्या आसपास भरतं.

मीटरही फसवतो. या इंजिनात जास्तीचं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीकडे जातं. फ्लो मीटर त्या फाट्याच्या अलीकडे बसवला असेल, तर परत गेलेलं पेट्रोलही तो जळाल्यात धरतो.

एवढं तपासूनही 19 च येत असेल, तर कार्बोरेटर. रोटॅक्सला ते दोन, प्रत्येकाकडे दोन सिलिंडर. वाटीतले फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतात. पण काही फ्लोट कालांतराने पेट्रोल शोषून जड होतात, खोल बुडतात, आणि पातळी वर चढते. मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; कधी वाटी ओसंडते. कंपनीने यावर सर्व्हिस बुलेटिन काढली. वाटीतल्या दोन फ्लोटचं मिळून वजन 7 ग्रॅमपेक्षा जास्त नको. रायपूरच्या सदर बाजारातल्या सराफाला शोभेल असा हा हिशेब! एकच बाजू बिघडली तर एकूण खप फारसा हलत नाही, पण इंजिन थरथरतं आणि त्या बाजूचे प्लग काजळीने काळे निघतात. अर्धवट उघडा राहिलेला चोकही हेच करतो.

इंधनाचं काय? पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. रोटॅक्सची मुभा 10 टक्क्यांपर्यंतच. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त लिटर लागणार.

खप वाढला की सगळे धावतात. कमी झाला की हँगरमध्ये चहा पाजला जातो, आणि खरी भीती तिथेच आहे. 16 चे 13 झाले, तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा असेल, फिल्टर तुंबला असेल, उन्हाने नळीत वाफेचे बुडबुडे झाले असतील. कार्बोरेटरच्या रबरी जोडाला चीर पडून बाहेरची हवा आत शिरली, तरी मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन मिश्रण इंजिन तापवतं. प्लग पांढरट निघाले, एक्झॉस्टचं तापमान चढलं, तर विमान जमिनीवरच ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात : ऑइलचा खप.