जीपचे उंच नाक

पावसाळ्यात कोकणातील ओढ्यांच्या फरशीवरून पाणी वाहू लागते. अशा पाण्यात घातलेली जुनी जीप मध्येच घरघरून बंद पडली, की "इंजिनात पाणी शिरले" असे लोक म्हणतात. पण हे पाणी शिरते कोठून? आणि त्याने बिघडते काय?

विद्यार्थी मित्रांनो, इंजिनही श्वास घेते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलसाठी जवळजवळ ९,००० लिटर हवा! ही हवा बॉनेटखालच्या एअर क्लीनरमधून आत जाते. पाणी तेथवर पोचले, की हवेबरोबर तेही आत ओढले जाते.

आता एक प्रयोग करा. सुई नसलेली स्वच्छ सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो बराच आत जातो. मग हवा न ठेवता पाणी भरून दाबा. दट्ट्या हलत नाही. हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ मुळीच दाबले जात नाही.

इंजिनात हेच घडते. २,२०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी जुन्या पेट्रोल जीपमध्ये प्रत्येक दट्ट्या (पिस्टन) ५५० घन सें.मी. हवा ओढतो व वर येताना ती दाबतो. तो अगदी वर पोचला की उरलेली जागा असते साधारण ९० घन सें.मी., म्हणजे लहानशा कपातील चहाएवढी. याहून जास्त पाणी आत असेल, तर दट्ट्याला वर यायला जागाच नाही. खालून मात्र फिरत्या इंजिनाचा जोर! मग दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते.

यावर उपाय म्हणजे इंजिनाचे नाक उंच करणे. १९३० नंतरच्या दशकात डच नौदलाने पाणबुडीचे डिझेल इंजिन पाण्याखाली चालावे म्हणून हवेत तोंड असलेली नळी वापरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ती उचलली. 'स्नॉर्केल' हे नाव जर्मन भाषेतूनच आले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाण्यातून उतरलेल्या अनेक लष्करी गाड्यांनाही अशी सोय केलेली होती.

ही नळी घरच्या घरी, हार्डवेअरच्या दुकानातील पी.व्ही.सी. पाइपातून, थोड्या खर्चात करता येते. पण पाइप केवढा घ्यावा? चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सर्व सिलिंडर भरते. मिनिटाला २,००० फेऱ्या असतील, तर हवा लागेल जास्तीत जास्त १,००० × २.२ = २,२०० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ लिटर. आतून ७ सें.मी. व्यासाच्या पाइपाचे छेदक्षेत्र ३८.५ चौ. सें.मी. म्हणून हवेचा वेग सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर होतो. व्यास निम्मा केला तर वेग चौपट होतो आणि अडथळा सोळा पटींहूनही वाढतो. इंजिन गुदमरते! म्हणून पाइप रुंद हवा आणि वळणे थोडी व सौम्य हवीत.

पाइप काचेच्या चौकटीच्या खांबाला पट्ट्यांनी आवळून उभा करावा. तोंड काचेहून उंच व मागे वळलेले असावे, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. पी.व्ही.सी. उष्णतेने मऊ पडते. म्हणून बॉनेटखाली, एअर क्लीनरपर्यंत, जाड व ओढीने न चिपणारा रबरी होज क्लिपांनी घट्ट बसवावा. क्लीनरच्या पेटीला भोक असल्यास तेही बुजवावे.

एका बारीक भोकाने काय होते? रबरी नळीच्या मध्यभागी टाचणीने भोक पाडा. तो भाग बादलीतील स्वच्छ पाण्यात बुडवा, दोन्ही टोके बाहेर ठेवा आणि एका टोकाने हवा ओढा. तोंडात हवेबरोबर पाणीही येईल! गाडीची परीक्षाही अशीच सोपी आहे. मेकॅनिकला बरोबर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, मंद चालू ठेवा आणि नळीचे तोंड सपाट फळीने झाका. इंजिन लगेच बंद पडले तर जोड पक्के. चालूच राहिले, तर ते कोठून तरी चोरून श्वास घेत आहे. पाण्यात तेथूनच पाणी घेईल.

मग नळी लावली की कोणतेही पाणी पार करावे काय? नाही. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर भिजला तर ठिणगी पडत नाही. तापलेला ॲक्सल पाण्यात गार होऊन आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. शिवाय आर्किमिडीजचा नियम विसरू नका. पाणी गाडीचा काही भार उचलते, चाकांची पकड सैल होते. जोराच्या प्रवाहात ६० सें.मी. पाणीही जीपसारखी गाडी वाहून नेऊ शकते. तेव्हा इंजिन उत्तम चालू असेल, पण त्याचा उपयोग काय?

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ.चे नियम विचारावेत. आणि फरशीवरून पाणी धावत असेल, तर नळी असो वा नसो, अलीकडेच थांबावे. उंच नाकाने इंजिनाचा श्वास वाचतो. आत बसलेल्यांचा श्वास वाचवायला पूर ओसरण्याचीच वाट पाहावी लागते.