डोंगरवाटेवरचा वॉकीटॉकी : वॅटपेक्षा अँटेना महत्त्वाचा

मनालीहून स्पितीकडे जाताना ग्रांफूपासून बातल आणि पुढे कुंझुम खिंडीकडे जाणारी वाट म्हणजे रस्ता कमी आणि दगडगोट्यांचा पट्टा अधिक. वाटेत हिमनद्यांचे पाणी घेऊन येणारे नाले आडवे येतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी ऊन चढून बर्फ वितळू लागले की दुपारनंतर फुगते. अशा नाल्यात पहिली गाडी उतरते, तेव्हा पाण्याखालचा मोठा दगड नेमका कोणत्या बाजूला आहे, हे मागच्या चालकाला तत्काळ कळणे गरजेचे असते. मोबाइलवर तेथे विसंबता येत नाही. उपग्रह फोनचा पर्याय अनेकांना सुचतो. परंतु परवानगीशिवाय तो बाळगणे भारतात बेकायदा आहे आणि या कारणावरून परदेशी पर्यटकांना अटकही झालेली आहे. उरतो तो बिनतारी संच, अर्थात वॉकीटॉकी.

संच घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती किलोमीटर चालतो?' भारतात मात्र तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, हे आधी विचारावे लागते. परवान्याविना बोलण्यासाठी सामान्य नागरिकाला प्रामुख्याने दोनच पट्टे खुले आहेत. एक, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा 'सिटिझन बँड', ५ वॅटच्या मर्यादेत. दुसरा, २०१८ च्या नियमांनी मोकळा केलेला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी शक्तीच्या संचांसाठीचा पट्टा. या संचांनाही दूरसंचार खात्याच्या 'डब्ल्यूपीसी' शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे 'ईटीए', लागतेच.

इंटरनेटवरील बाजारात स्वस्तात मिळणारे आणि १३६ ते १७४ व ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे कोठेही जुळवता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. त्याच पट्ट्यांत पोलिस आणि इतर आपत्कालीन सेवांचे संभाषण चालते, हे लक्षात घेतले म्हणजे सरकारचा कठोरपणा अनाठायी वाटत नाही. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून संचाची फ्रिक्वेन्सी आणि 'ईटीए'चा तपशील जाहिरातीतच देणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले आहे. परदेशस्थ नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या संचांचीही हीच गत. अमेरिकेतील ४६२ मेगाहर्ट्झचे किंवा ऑस्ट्रेलियातील ४७७ मेगाहर्ट्झचे संच तेथे कितीही सर्रास वापरात असले, तरी येथे त्यांना ती मुभा नाही.

वर्षातून एखाद-दोनदा चार-पाच गाड्यांनी निघणाऱ्या मंडळींना ४४६ मेगाहर्ट्झचा संच पुरतो, असे स्पष्टच म्हणायला हवे. युरोपातील याच पट्ट्यातील संचांची शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत असते आणि अँटेना संचालाच कायमचा जोडलेला असतो. खोक्यावर छापलेले किलोमीटरचे आकडे या शिखरावरून त्या शिखरावर बोलण्याचे असतात. गाडीच्या पत्र्याच्या आत बसून बोलल्यास एखाद-दुसऱ्या किलोमीटरपेक्षा अधिक अपेक्षा करू नये. ताफ्यातील गाड्यांमध्ये एवढे अंतर सहसा नसतेच. खाली उतरून चाकांखालची वाट दाखवणाऱ्यासाठी तर हाच संच सोयीचा.

२७ मेगाहर्ट्झचा पट्टा कागदावर आकर्षक वाटतो, पण त्याची तरंगलांबी ११ मीटर. तिच्या पाव भागाचा, म्हणजे पूर्ण कार्यक्षमतेचा अँटेना सुमारे पावणेतीन मीटरचा होतो. जंगलवाटेवर अशी काठी फांद्यांत अडकणारच. तारेचे वेटोळे घालून ती आखूड करता येते, मात्र तेवढी कार्यक्षमता घटते.

दरवर्षी दूरवरच्या मोहिमा करणाऱ्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे 'हॅम'चा परवाना घ्यावा. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही त्याची परीक्षा देता येते आणि 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीची अट नाही. अडचण एवढीच, की बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा आणि संभाषण व्यावसायिक नसावे. पर्यटकांना पैसे घेऊन नेणाऱ्या सहल-कंपनीला हा मार्ग बंद आहे. परवानाधारकाला मात्र १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, गाडीत बसवायचा अधिक शक्तीचा संच आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र बाहेरचा अँटेना वापरता येतो.

या पट्ट्यातील लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाट मैदानात, जमिनीपासून २ मीटर उंचीवरच्या दोन अँटेनांमधील संपर्काची मर्यादा साधारण ११ ते १२ किलोमीटर. मध्ये डोंगराची सोंड आली, तर ५ ऐवजी ५० वॅट लावूनही फारसे साधत नाही. त्याउलट हातातील संचाचा रबरी अँटेना काढून छताच्या मध्यभागी अर्ध्या मीटरचा साधा पाव-तरंग अँटेना बसवला, तर त्याच ५ वॅटमध्ये कितीतरी स्पष्ट बोलता येते. छताचा पत्रा येथे अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणून काम करतो. बंपरवर किंवा मागच्या दाराला अँटेना लावणे दिसायला रुबाबदार असले, तरी गाडीचे धूड आडवे येते आणि एका दिशेला आवाज क्षीण होतो. कापडी छताच्या थार किंवा जिप्सीला वर पत्राच नसतो. तेथे बॉनेटच्या कडेला पट्टी लावून, पत्र्याच्या आधाराविना चालणारा अर्ध-तरंग अँटेना घ्यावा.

अधिक 'डीबी'चा अँटेना अधिक चांगला, हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज. अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही, ती केवळ दाबून क्षितिजाकडे वळवतो. त्यामुळे सपाट प्रदेशात लाभ होतो, पण वळणावळणाच्या घाटात एक गाडी वर आणि दुसरी खाली असताना तोच पसारा अपुरा पडतो. ऑस्ट्रेलियातील चालक वाळवंटात उंच आणि डोंगराळ भागात आखूड अँटेना लावतात, ते यासाठीच. सह्याद्रीच्या घाटांतही आखूड अँटेनाच योग्य.

चुंबकी बैठकीचा अँटेना सोयीचा असला, तरी खालच्या फांदीने तो सहज उडतो. कायमच्या वापरासाठी पक्की बैठक आणि बुडाशी स्प्रिंग हवी. केबलकडेही दुर्लक्ष होते. बारीक 'आरजी-५८' केबलच्या ५ मीटरमध्ये १४५ मेगाहर्ट्झला सुमारे एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती वाया जाते. उरलेली केबल सीटखाली गुंडाळून ठेवण्याऐवजी कापून बेताची करावी. त्यानंतर 'एसडब्ल्यूआर' मीटर लावून पाहावा. दीडपर्यंतचा आकडा उत्तम. तो ३ असेल, तर चौथाई शक्ती संचाकडे परत फिरते आणि दीर्घ बोलण्यात संच तापतो.

५० वॅटचा संच बोलताना दहा ते बारा अँपिअर वीज ओढतो. त्याची जोडणी सिगारेट-लायटरच्या खोबणीतून न करता थेट बॅटरीवरून, दोन्ही तारांवर फ्यूज टाकून करून घ्यावी. हे फ्यूज बॅटरीच्या शक्य तितके जवळ असावेत, कारण तार पत्र्यावर घासून सोलली गेल्यास आग तेथूनच लागते.